बैठकेतील गुडघ्याची हालचाल
बलवर्धक व्यायामातील सांध्यांच्या हालचालींचे ज्ञान कसे वाढत गेले, हे बैठकेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी आल्फॉन्सो बोरेल्ली (१६०८–७९) ह्याने शरीराच्या हालचालींना तरफेचे नियम लावले. त्याचा ग्रंथ मरणोत्तर १६८०–८१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्नायू सांध्यालगत ओढ देत असल्याने त्यांना उचललेल्या वजनाच्या अनेक पट बल लावावे लागते, असे त्याने दाखविले. गुडघा ही साधी बिजागरी नसून मांडीचे हाड नडगीवर लोळते तसेच घसरतेही, असे व्हिल्हेल्म व एडुआर्ट वेबर ह्या जर्मन बंधूंनी १८३६ मध्ये प्रतिपादिले.

अमेरिकेत टॉमस डीलॉर्म ह्यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांचे दुर्बळ गुडघे वाढत्या वजनाच्या व्यायामाने सुधारल्याचे १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. उलट, वजनासह पूर्ण बैठक घेतल्याने गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात, असा निष्कर्ष कार्ल क्लाइन ह्यांनी १९६१ मध्ये काढला व मांडी जमिनीला समांतर होताच थांबण्याचा सल्ला दिला. त्यामुळे पूर्ण बैठक बराच काळ धोक्याची मानली गेली. मात्र १९७१ व १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत असे सैलपण आढळले नाही.

महाराष्ट्रातील तालमींत पूर्ण बैठक परंपरेने रूढ आहे. पण ती बहुधा बाह्य वजनाविना घेतली जाते. म्हणून बैठकेची सुरक्षितता केवळ तिच्या खोलीवरून ठरविता येत नाही. वजन, वेग, पूर्वीची इजा आणि खुबा व घोटा ह्यांची लवचिकता ह्यांचाही विचार करावा लागतो.