गहू, मध आणि कूफ्याचा वाद

"गहू आणि मधच तर आहे, त्यात हराम काय?" शिरोळहून शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या आपल्या मुलांकडून हा प्रश्न मी बऱ्याचदा ऐकतो. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली आणि जागच्या जागी तयार केलेली ताजी बिअर लोकांना ठाऊक झाली. मध घातलेली गव्हाची बिअर मी चाखलेली नाही. पण हा प्रश्न पुण्यातला नाही, तो तेराचौदाशे वर्षे जुना आहे.

गहू आपल्याला परका नाही. कृष्णाकाठी खपली पिकते, तिची खीर आपण आवडीने खातो. प्राचीन इजिप्तमध्ये याच जातीच्या गव्हाची भाकरीही होई आणि बिअरही. मधाचे तसेच. कुरआनच्या सूरह नहलमध्ये मधाला शिफा म्हटले आहे. घट्ट मध वर्षानुवर्षे आंबत नाही, मात्र पाणी मिसळले की यीस्ट त्यातली साखर खाऊन अल्कोहोल बनवते.

अरबांना हे माहीत होते. येमेनमध्ये मधापासून 'बित्अ' आणि जवापासून 'मिज्र' नावाची पेये बनत. तिकडे रवाना होताना हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) त्यांबद्दल विचारले. उत्तरात पदार्थाची चर्चाच नव्हती. जे जे नशा आणते ते हराम, असा नियम सांगितला गेला. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून शराब ज्यांपासून बनते त्या पाच वस्तू मोजल्या. द्राक्षे, खजूर आणि जव यांच्यासोबत त्यात मध आणि गहूही होते.

तरीही वाद झाला. इराकमधल्या कूफा शहरात 'नबीज' रोजच्या पिण्यात होती. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांच्या मते खरी 'खम्र' द्राक्षाचीच. मध, गहू, जव यांचे पेय नशा येणार नाही इतपत घेतले तर चालते. इमाम मालिक आणि इमाम शाफई यांनी हे नाकारले: ज्याचे पुष्कळ प्याल्याने नशा येते त्याचा घोटही हराम. खुद्द अबू हनीफांचे शिष्य इमाम मुहम्मद (मृत्यू ८०५) यांनीही गुरूंशी मतभेद नोंदवला आणि नंतरच्या हनफी उलेमांनी फतवा शिष्याच्या मतावर दिला.

कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, आपण देशावरचे हनफी. म्हणून हा इतिहास आपल्या घरचा आहे. "आपल्या इमामांनी परवानगी दिली आहे" म्हणणारा तरुण अर्धाच इतिहास सांगतो. "असे मत कधी नव्हतेच" म्हणून त्याला गप्प करणारे वडीलधारेही अर्धाच सांगतात. मुलांना पूर्ण हकीकत सांगा, कूफ्याच्या मतासकट आणि त्याच मजहबने ते का सोडले यासकट. दटावून दिलेल्या उत्तरापेक्षा ते त्यांना अधिक पटेल.