डोळ्यात टिकणारा थेंब

इंदूर जिल्ह्यातलं देपालपूर म्हणजे माळव्यातला गहू-सोयाबीनचा मुलूख. चैत्रात गव्हाच्या मळणीचं भुसकट उडतं, मागोमाग लू सुटते आणि डोळे चुरचुरू लागतात, कचरा गेल्यासारखे खुपतात. त्यावर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ‘ल्युब्रिकंट’ थेंबांचं कुळ मात्र बरंच मागे जातं.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘शुष्काक्षिपाक’ नावाचा विकार आहे. त्यात पापण्या कोरड्या आणि राठ होतात, नजर गढूळते, झोपेतून उठताना डोळा उघडणं जिवावर येतं. उपायांमध्ये तर्पण सांगितलं आहे. वारा, ऊन, धूळ नसलेल्या खोलीत रोग्याला उताणं निजवायचं, डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचं आळं घालायचं आणि पापण्यांचे केस बुडेपर्यंत त्यात पातळ केलेलं तूप भरायचं. मला तुपाइतकंच ते आळं मोलाचं वाटतं. डोळ्यात ओल घालणं सोपं, ती तिथे थांबवणं अवघड, हे त्या वैद्यांनी नेमकं हेरलं होतं.

साध्या पाण्याने भागत नाही, कारण अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. बुबुळाला धरून बुळबुळीत म्युसिन असतं, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर पापणीच्या कडेतल्या ग्रंथींचं तेल. तेल कमी पडलं की पाणी उडून जातं.

1903 साली ऑटो शिर्मर यांनी खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून अश्रू मोजायची पद्धत दिली. ती आजही वापरात आहे. थेंब टिकवण्याची युक्ती आली 1945 च्या सुमारास. अमेरिकेतल्या केनेथ स्वान यांनी डोळ्यांसाठी मिथाइल सेल्युलोज वापरलं. सेल्युलोज म्हणजे वनस्पतींच्या पेशीभिंतीतला पदार्थ. कापूस तर जवळजवळ त्याचाच. ज्या कापसावर इंदूरच्या गिरण्या चालल्या, त्याच्याच मूळ द्रव्याने थेंबाला दाटपणा दिला. आज सर्रास मिळणारं ‘सीएमसी’, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, याच घराण्यातलं. दुसरी शाखा हायलुरोनिक आम्लाची. 1934 मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गुरांच्या डोळ्यातल्या काचद्रवातून वेगळं केलं. पाणी धरून ठेवण्यात ते फार तरबेज.

म्हणून बाटली घेताना त्यावरचं नाव वाचा: कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट. फोडलेली बाटली साधारण महिन्याभराने टाकून द्या. आणि डोळे लाल झाले म्हणून स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांना न विचारता कधीच घालू नका. त्या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.