ज्येष्ठमध आणि जठरव्रण : एका परीक्षणाचा इतिहास

एखाद्या वनस्पतीची ख्याती प्राचीन आहे, एवढ्यावरून ती गुणकारी ठरत नाही. ती नित्याच्या वापरातील आहे, एवढ्यावरून निरुपद्रवीही ठरत नाही. पारंपरिक औषधींच्या परीक्षणात पहिली गोष्ट सहसा ध्यानात घेतली जाते, दुसरी मात्र विसरली जाते. ज्येष्ठमधाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

आयुर्वेदात यष्टिमधु म्हणून प्रसिद्ध असलेली ही मुळी युरोपातही प्राचीन काळापासून खोकल्यावर देत असत. नेदरलँड्समधील हेरेनव्हेन येथील एका औषधविक्रेत्याकडील ज्येष्ठमधाच्या कल्पाने जठरव्रणाच्या रोग्यांना आराम पडतो, हे रेव्हर्स या डच डॉक्टरांच्या दृष्टीस आले. 1946 साली त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. व्रण भरून येत होते. परंतु सुमारे एकपंचमांश रोग्यांच्या अंगावर सूज येत होती. रेव्हर्स यांनी गुणाबरोबर हा दोषही नोंदविला, हे त्यांचे खरे श्रेय होय.

त्या दोषानेच पुढील संशोधनास दिशा दिली. 1950 साली ॲमस्टरडॅम येथे बोर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, या अर्कामुळे शरीरात मीठ व पाणी साठते आणि पोटॅशियम बाहेर टाकले जाते. ज्येष्ठमधातील द्रव्यापासून ब्रिटनमध्ये सिद्ध केलेल्या कार्बेनॉक्सोलोनचे नियंत्रित परीक्षण रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी 1962 साली प्रसिद्ध केले. क्ष-किरणचित्रांवर व्रणाचा आकार मोजून त्यांनी जठरव्रणावरील गुण सिद्ध केला. तथापि सूज व रक्तदाबवाढ हे दोष या औषधातही राहिलेच. 1976 साली सिमेटिडीन आले आणि कार्बेनॉक्सोलोन मागे पडले. दोषाचे मूळ 1987 साली उलगडले : मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला निष्क्रिय करणारे विकर ही द्रव्ये रोखून धरतात.

या इतिहासाचा आजच्या प्रयोगपद्धतीशी निकटचा संबंध आहे. अर्काची व्रणरोधक शक्ती पाहण्यासाठी उंदराचे जठरनिर्गमद्वार बांधण्याची शे यांची पद्धत 1945 पासून रूढ आहे. तिचा निर्णय काही तासांत लागतो; सूज व रक्तदाबवाढ यांस मात्र दिवस वा आठवडे लागतात. अशा प्रयोगातून ज्येष्ठमध केवळ गुणकारीच ठरला असता. म्हणून व्रणांची मोजणी संपली म्हणजे परीक्षण संपले, असे मानता येत नाही. दीर्घकाळ अर्क देऊन वजन, रक्तदाब आणि रक्तातील पोटॅशियम यांची नोंद ठेवल्याखेरीज कोणत्याही परंपरागत औषधीस निर्दोष म्हणण्याचा अधिकार संशोधकास प्राप्त होत नाही.