आडनाव आणि थडगे

कोकणातील बेने इस्रायल कुटुंबांच्या आडनावांची यादी वाचीत बसले, तर आपण माणसांची नावे वाचीत नसून जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच न्याहाळीत आहो, असा भास होऊ लागतो. किहिमकर, नवगावकर, झिराडकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर. शंभराहून अधिक गावांची नावे ह्या लहानशा समाजाने आपल्या आडनावांत जतन करून ठेविली आहेत. पुढे १९८१ साली जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले. गावे सुटली, तेलाचे घाणे गेले, घरे दुसऱ्यांच्या नावे झाली. आडनाव मात्र जेथल्या तेथे राहिले. ज्याचे आजेपणजे मुंबईस आले आणि ज्याचे आईबाप १९४८ नंतर इस्रायलास गेले, असा अश्दोद किंवा दिमोना येथील एखादा पेणकर आज ह्या किनाऱ्यावर येतो, आणि त्याचा प्रश्न एकच असतो: माझे पूर्वज कोठे पुरले आहेत? त्याच्यापाशी बहुधा दुसरा कागद नसतो. असते ते आडनाव. हे आडनाव त्यास कोठवर नेऊन पोहोचविते, ह्याचा विचार करण्याचे ह्या लेखात योजिले आहे.

ह्या समाजाची मूळ कथाच थडग्यापासून सुरू होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. खांदेरी-उंदेरीच्या आसपास एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जिवंत किनाऱ्यास लागल्या. वाहून आलेली प्रेते त्यांनी नवगावच्या भूमीत पुरली, पुरुषांची एका ठिकाणी व स्त्रियांची दुसऱ्या ठिकाणी. वाचलेल्या सात जोडप्यांचा वंश म्हणजे हा समाज, असे परंपरा सांगते. इतर कुळांच्या कथांत मूळपुरुष रान तोडतो, वतन मिळवितो, देवालय बांधतो. येथे मूळपुरुषाचे ह्या भूमीवरील पहिले कृत्य म्हणजे आपल्या माणसांस मूठमाती देणे. नवगावास आज समाजाने उभारलेला स्मारकस्तंभ आहे. परंतु ज्यांचे ते स्मारक, त्यांपैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही.

ही घटना केव्हाची? समाजातील प्रचलित मताप्रमाणे इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकातली. त्यास आधार म्हणून असे सांगतात की, ह्या लोकांस हनुक्का हा सण पूर्वी माहीत नव्हता. आणि तो सण ज्या विजयाच्या स्मरणार्थ पाळतात, तो इ. स. पूर्वी सुमारे १६५ च्या वेळचा. तेव्हा त्याच्या आधीच हे लोक स्वदेश सोडून निघाले असले पाहिजेत. हा तर्क चतुर आहे, पण निर्णायक नव्हे. जे आज आठवत नाही ते कधीच ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. ज्यांचे ग्रंथ समुद्रात बुडाले आणि हिब्रू भाषा विसरली, त्यांच्या हातून एखादा सण सुटणे अशक्य नाही. दुसरीकडे, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात ह्या समाजाच्या रक्तात पश्चिमेकडील ज्यू आणि येथील भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले, व त्यांचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे ठरले. अर्थात मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. परंपरेने सांगितलेले दूरदेशचे नाते विज्ञानाने मान्य केले, परंपरेने सांगितलेले साल मात्र त्याने मोकळेच ठेविले.

ह्या मधल्या शतकांत समाज कसा जगला, ह्याची खूण त्याच्या जुन्या नावातच आहे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. सुंता, शब्बाथ, आणि ‘शमा इस्रायल’ ह्या प्रार्थनेचे शब्द एवढे त्यांनी टिकविले. सणांस नावे मराठीच पडली. त्यांत एक ‘बिरड्याचा सण’ आहे, आणि त्या एका शब्दात कोकणच्या वालांचा वास आहे. पुढे दाविद रहाबी नावाचा एक परदेशी ज्यू आला. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेविली. त्यांनी खवले व पर असलेली तेवढी वेचून बाकीची बाजूस सारली, आणि हे आपलेच लोक होत अशी त्याची खात्री पटली, अशी कथा आहे. त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर ह्या घराण्यांतील तिघांस धर्मविधी शिकविले, असे सांगतात. तो कोणत्या शतकात आला ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, दफनभूमी हरवण्याचे कारण तिच्यातच आहे. ज्या पिढ्यांस हिब्रू लिपी वाचता येत नव्हती, त्यांच्या थडग्यांवर लेख कोठून असणार? डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड, आणि बाकी सारी गावाची आठवण. गावात घर आहे तोवर ही आठवण पुरते. परंतु अठराव्या शतकापासून कुटुंबे मुंबईकडे वळली. पलटणीत आणि कारागिरीत शिरली. कंपनीच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. अलिबागेस ते १८४८ साली झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सुमारे २०,००० असलेला हा समाज पुढील काही दशकांत बहुतेक इस्रायलास गेला. मागे राहिली ती थडगी.

तेव्हा शोध करणाऱ्याने काय करावे? आडनाव त्यास गावाच्या वेशीपर्यंत आणून सोडते. पण तेवढ्यावर विसंबू नये. एकाच गावावरून अनेक असंबद्ध कुटुंबांस एकच आडनाव पडते. आणि गाव सोडल्यावरच गावाचे नाव चिकटते, हे तर आडनावाचे मर्मच होय. जो पेणेतच राहिला त्यास पेणकर कोण म्हणणार? म्हणजे आडनाव पूर्वज कोठे मेला हे सांगत नाही; तो कोठून निघाला एवढेच सांगते. त्यापुढे प्रार्थनामंदिरांतील नोंदी पाहाव्या. गावचा मोजणी-नकाशा व सातबारा काढून दफनभूमीचा शेरा कोणत्या क्रमांकावर आहे ते पाहावे. आणि सर्वांत आधी शेजारच्या आळीतील वृद्धांस विचारावे. अमुक बांधापलीकडे नांगर घालू नये, तेथे इस्रायल लोकांची माणसे निजली आहेत, एवढे एखाद्या म्हातारीस ठाऊक असले, तर त्याचे मोल दप्तरातल्या नोंदीहून कमी समजू नये. मात्र घाई केली पाहिजे. ही साक्ष देणारे दरवर्षी कमी होत आहेत, आणि किनाऱ्यावरील जमिनीचा भाव दरवर्षी चढत आहे. जीवर लेख नाही, भिंत नाही, वारस नाही, अशी भूमी नाहीशी व्हावयास कोणाचे वैर लागत नाही, दुर्लक्ष पुरते.

ह्या समाजाचा पहिला मोठा इतिहास हाईम सॅम्युएल किहिमकर ह्यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो ग्रंथरूपाने निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे. लेखक तोवर हयात नव्हते. किहीम आणि नवगाव ही शेजारची गावे. आपल्या आडनावातील गाव आणि आपल्या पूर्वजांची दफनभूमी एकमेकांच्या हाकेवर असलेल्या मनुष्याने हा इतिहास लिहावा आणि तो छापला जावा मात्र दूर समुद्रापलीकडे, ह्यात साऱ्या समाजाचे प्राक्तन दिसते.

हिब्रू भाषेत दफनभूमीस ‘जिवंतांचे घर’ अशा अर्थाचे नाव आहे. मृतासाठी म्हणावयाच्या कद्दीश प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेख नाही, केवळ ईश्वराची स्तुती आहे. परंतु ती म्हणण्यास दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. कोकणातील बहुतेक गावी आज दहा तर राहोत, एकही उरला नाही. दूरदेशाहून आलेला एकटा वारस थडगे सापडले तरी ती प्रार्थना तेथे म्हणू शकत नाही. तो रीतीप्रमाणे एक खडा उचलून दगडावर ठेवतो आणि परत फिरतो. त्या खड्याचा अर्थ एवढाच की, येथे कोणी येऊन गेले. बाकीचे काम, म्हणजे तो दगड जागेवर राहू देण्याचे, गावाचे आहे. ज्या गावाचे नाव एका कुळाने परदेशातही आपल्या नावापुढे लावून मिरविले, त्या गावाने त्या कुळाची चार हात भूमी सांभाळावी, ही अपेक्षा मोठी म्हणता येणार नाही.