कार्बोरेटरच्या गाडीतली डबी

पांढुर्णा-सौंसरचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण गोटमार सांगतो, जामसावळीचा हनुमान सांगतो, संत्र्याच्या बागा सांगतो आणि १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती हेही अभिमानाने सांगतो. नागपूर रोडवरच्या गॅरेजांचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यातले एक पान लिहावे असे आम्हाला वाटले.

आम्ही डिप्लोमा केला तो मोटारींच्या पालटाचा काळ. वर्गात कार्बोरेटर शिकलो आणि बाहेर पडलो तेव्हा नव्या गाड्यांतून तो निघून चालला होता.

कार्बोरेटरचे काम साधे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने गेली की तिथला दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप ओढले जाते. यात विजेचा संबंध नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी अशीच होती. ठिणगीचे कामही डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करीत. पॉइंट जळले की गाडी अडे, मिस्त्रीने पॉलिश पेपर मारला की चाले. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पण पेट्रोल द्यायला कार्बोरेटरच.

वीज या कार्बोरेटरच्या गाडीत हळूहळू शिरली. आधी पॉइंटच्या जागी इग्नायटरची लहान डबी आली. घासणारा भाग गेला, झीज थांबली. मग कार्बोरेटरवरच विजेचा एक छोटा व्हॉल्व्ह बसला. किल्ली फिरवली की तो उघडतो, बंद केली की आयडलच्या पेट्रोलची वाट अडवतो, म्हणजे किल्ली काढल्यावर तापलेले इंजिन धडधडत राहत नाही.

परदेशात याच्या पुढची पायरी आली. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने धुरावर बंधने आली आणि गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास असेल तरच तीन वायूंवर काम करणारा कन्व्हर्टर नीट चालतो. स्क्रूने इतके अचूक प्रमाण टिकत नाही. म्हणून सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवला, तो व्होल्व्होने १९७६ साली आणला. १९८१ पासून जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांत कार्बोरेटरलाच संगणकाची डबी जोडली. सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खबर देतो आणि डबी कार्बोरेटरमधला व्हॉल्व्ह सेकंदाला दहा वेळा उघडझाप करून पेट्रोल कमी-जास्त करते. हेच इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूल.

आपल्याकडे ही मधली पायरी फारशी आली नाही. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १९९९ साली दिल्लीसाठी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, २००० साली देशभर नवे निकष लागू झाले आणि मारुती ८०० मध्येही एमपीएफआय आले. पण जुन्या गाड्या मोठ्या शहरांतून निघून आपल्यासारख्या गावांत आल्या, आणि त्यांच्याबरोबर त्या डब्या आणि व्हॉल्व्हही आले. शिकवायला मात्र कुणी आले नाही.

आमच्या वडिलांनी नागपूरहून अशीच एमएच-३१ ची जुनी गाडी आणली. ती आयडलवर बंद पडे. आम्ही डिप्लोमाधारी! कार्बोरेटर दोनदा खोलला, जेट फुंकले, स्क्रू फिरवून इंजिनाची नुसती गर्जना वाढवली. शेवटी तो व्हॉल्व्हच काढून टाकायचे ठरवले. ओळखीच्या दोघांना आम्ही तसा सल्ला याआधी दिलाही होता. सौंसरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने आम्हाला थांबवले. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवली आणि कान लावला. आवाज नाही. वायरचे टोक हिरवे पडले होते. ते खरवडून लावले तेव्हा "टक" असे वाजले. "भाऊ, कार्बोरेटर कायले खोलता? आधी वायर पाहा ना."

आजही आम्ही हाच धडा सांगतो. डबी स्वतः काही करत नाही. ती खबर घेते आणि हुकूम देते. खबर आणणारी वायर, अर्थिंग आणि व्हॅक्यूमची फुटलेली नळी तपासल्याशिवाय डबीला किंवा कार्बोरेटरला दोष देऊ नये. ज्या दोघांना आम्ही व्हॉल्व्ह काढायला सांगितले, त्यांची क्षमा आम्ही नंतर मागितली.

त्या मिस्त्रीच्या जागी आज मोबाइलचे दुकान आहे. शाळा कमी, पुस्तक नाही, तरी पॉइंटपासून एमपीएफआयपर्यंतचा सगळा पालट त्यांनी कानाने ओळखला. त्यांच्याकडून आम्ही काही लिहून घेतले नाही, ही खंत राहून गेली. २०२३ साली आपला पांढुर्णा जिल्हा झाला. उद्या जिल्ह्याचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा या हातांनाही त्यात जागा मिळावी. आपल्या मोहल्ल्यात असा जुना मिस्त्री अजून असेल, तर या दहा दिवसांत आरती आटोपल्यावर वही घेऊन त्याच्याकडे जाऊन बसा.

गणपती बाप्पा मोरया!