तांबे, जस्त आणि खारे पाणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख लिहावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. त्यांच्या मनात गडकोटांचा किंवा आपल्या ज्ञातीच्या मूळ गावांचा इतिहास असावा. त्या विषयांत माझ्याहून अधिकारी मंडळी आपल्यात आहेत. प्रस्तुत लेखकाने तीस वर्षे शाळेत शास्त्र विषय शिकविला. तेव्हा इतिहास म्हणून ज्या वस्तूकडे कोणी पाहत नाही, तिचाच वृत्तान्त सांगण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे जुन्या होडीतील विजेची तार.

निमित्त घरचेच घडले. माझ्या मावसभावाची, म्हणजे आम्हा सर्वांच्या दादांची, लाकडी मच्छीमार होडी चाळीस वर्षांची आहे. एका रात्री ती किनाऱ्यापासून दूर असता इंजिनाजवळच्या फळीखालून धूर येऊ लागला. होडीवर दादांचा धाकटा मुलगा व तीन खलाशी होते. तांडेलाने प्रसंगावधान राखून लाकडी मुठीच्या कोयत्याने बॅटरीची तार तोडली, म्हणून आग भडकली नाही. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर विजेची गरज नसते, म्हणून माणसे घरी आली. परंतु मोठ्या जहाजांच्या वाटेवरून ती बिनदिव्याची होडी हातातल्या विजेरीच्या भरवशावर आली, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी वायरमनने सारी तार काढून नवी घालावी, असे सुचविले. दादा म्हणाले, "अरे, एक तार जळाली, ती बदलू. त्यासाठी सगळी होडी कशाला उसवायची?" प्रश्न खर्चाचा होता आणि तो रास्त होता. मात्र त्याचे उत्तर शोधू जाता मला दोन शतके मागे जावे लागले.

इ. स. १८०० मध्ये इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने जस्ताच्या व चांदीच्या किंवा तांब्याच्या चकत्या आळीपाळीने रचून, प्रत्येक जोडीमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला तुकडा ठेवला. त्या चळतीतून विजेचा अखंड प्रवाह वाहू लागला. जगातील पहिली बॅटरी ती हीच. दोन निराळे धातू आणि खारे पाणी, एवढेच तिचे साहित्य. आता होडीकडे पाहावे. पितळी अथवा काशाचा पंखा, लोखंडी खिळे, पोलादी दांडा आणि सभोवार समुद्र! होडी पाण्यात उतरली की व्होल्टाची चळत आपोआप सिद्ध होते, आणि त्यातील दुबळा धातू झिजू लागतो.

हे ओळखून उपाय शोधला इंग्लंडच्या सर हंफ्री डेव्ही यांनी. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून रक्षण व्हावे म्हणून इंग्रजी आरमाराच्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारीत, पण समुद्र ते पत्रे खाऊन टाकी. डेव्ही यांनी १८२४ साली त्या पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडून दाखविले. तुकडे झिजले, तांबे वाचले. परंतु झिजणाऱ्या तांब्यामुळेच शेवाळ व शिंपले दूर राहत होते. तांबे वाचताच ते तळाला चिकटले व जहाजे मंदावली. म्हणून आरमाराने ती युक्ती सोडली. तत्त्व मात्र टिकले. आज पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा जो ठोकळा बसवितात, तो डेव्ही यांचाच वारसा होय. दादांच्या होडीवरही तो होता. पण आमच्या पोरांनी शोभेसाठी त्यावर रंग फासला होता! रंगाखाली झाकलेले जस्त पाण्याला भिडत नाही आणि कुणाचेही रक्षण करीत नाही.

पुढे माणसाने होडीत मुद्दाम वीज नेली. १८३८ साली याकोबी यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीत बॅटरीवर चालणारी नाव चालविली. १८५९ साली प्लांते यांनी शिशाची, पुन्हा भारित करता येणारी बॅटरी सिद्ध केली, आणि १८८१ साली फोर यांनी ती सुधारली. त्याच वर्षी त्रूवे यांची विजेची नाव पॅरिसच्या सेन नदीत फिरली. १८८२ साली लंडनच्या थेम्स नदीतही तशी नाव आली. १८८० साली अमेरिकेतील 'कोलंबिया' या आगबोटीवर एडिसन यांचे दिवे लागले होते. पंधरा वर्षांत, १८९५ साली, त्या बोटीवरचे मूळ डायनामो बदलावे लागले. सागरावर वीज नेणाऱ्या पहिल्या पिढीचा हा अनुभव आपण ध्यानी घ्यावा.

लहान होडीत वीज घरोघर पोचली ती मात्र मोटारगाडीमागोमाग. १९११ साली केटरिंग यांनी मोटार विजेने सुरू करण्याची युक्ती काढली व पुढे तीच सामग्री होड्यांच्या इंजिनांवर आली. आपल्या देशात १९५२ साली नॉर्वेच्या सहकार्याने त्या वेळच्या त्रावणकोर-कोचीन राज्यात मासेमारी सुधारण्याची योजना ठरली, आणि त्या दशकात व पुढे पश्चिम किनाऱ्यावरील होड्यांना इंजिने बसत गेली.

येथेच घोटाळ्याचे मूळ आहे. मोटारीचा सांगाडा लोखंडी, म्हणून एकच तार नेऊन परतीची वाट सांगाड्यातून मिळते. लाकडी होडीत ती सोय नाही. जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा प्रत्येक दिव्यापर्यंत न्याव्या लागतात. शिवाय घरात २३० व्होल्टवर ६० वॅटचा दिवा सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो, तर १२ व्होल्टवर तितक्याच उजेडास ५ अँपिअर लागतात. म्हणजे तार कितीतरी जाड हवी. दादांच्या होडीत घरगुती बारीक तार होती. प्रथम एक दिवा, मग रेडिओ, मग बिनतारी यंत्र, मग दिशादर्शक. दर वर्षी एक नवी तार जुनीला पिळून वर चिकटपट्टी! काही जोड तर तळच्या साचलेल्या पाण्यात लोंबत होते. अशा जोडातून पाण्यात गळणारी वीज शेजारचा धातू झपाट्याने खाते. व्होल्टाची चळत आम्ही आपल्या हातांनी आणखी जोरकस केली होती.

मी दादांपुढे खाडीच्या पाण्याचा पेला ठेवून त्यात तांब्याची व जस्ताची पट्टी बुडविली. तारेचे वेटोळे होकायंत्रावर ठेवताच काटा हलला. तीस वर्षे हाच प्रयोग मी मुलांना दाखविला, पण तो आमच्याच होडीत चालू आहे हे मला दिसले नव्हते! मग वायरमनने एक जुनी तार सोलली. जोडापासून वीतभर आत तांबे काळे-हिरवे पडले होते. "दादा, जेथे टोक कापाल, तेथे आतून असेच निघेल," मी म्हटले. दादा बराच वेळ ती तार बोटांत फिरवीत राहिले. "पोरगा होता रे त्या रात्री," एवढेच ते बोलले. काम सुरू झाले.

पावसाळ्यात होडी ओढून वर घेतली होती. प्रथम बॅटरी सोडली, मग प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधून नकाशा काढला, आणि नंतरच जुने सर्व काढले. नवी तार अनेक बारीक धाग्यांची घेतली, कारण इंजिनाच्या थरथरीने सलग तार मोडते. धाग्यांना कल्हई केलेली होती. पूर्वी रबरातील गंधकाने तांबे काळवंडू नये म्हणून तारेला कथिलाचा मुलामा देऊ लागले. तोच समुद्रावर खाऱ्या हवेपासून रक्षण करतो. आपल्या आया-आजी तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेत, त्यांना हे निराळे सांगावे लागले नसते. प्रत्येक वाटेला वेगळा फ्यूज बसविला व मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घेतला. कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधील तार असंरक्षितच राहते. तारा पाण्याच्या पातळीहून उंच, जागोजाग बांधून नेल्या. जस्ताचा नवा ठोकळा बिनरंगाचा ठेवला.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या सायंकाळी दादांनी कळ दाबली. काठीवरचा दिवा पूर्वी कधी नव्हता इतका लख्ख लागला. त्या दिव्याखाली दादांचा मुलगा नकाशाचा कागद डब्यात ठेवीत होता, म्हणजे पुढल्या पिढीला अंधारात चाचपडावे लागू नये.

असो. ज्यांच्या घरी जुनी होडी आहे, त्या ज्ञातिबांधवांनी यंदा रंगरोगण व पताका यांआधी फळीखालची तार एकदा स्वतः पाहावी, इतकीच या वृद्ध शिक्षकाची विनंती आहे. समुद्र आपला अन्नदाता आहे. पण तांबे आणि जस्त यांच्यामध्ये तो आला की आपला नियम सोडीत नाही.