महागाई वाढ : सूत्र, विलंब आणि सूत्राबाहेरचे वृद्ध

निवृत्तिवेतनाची मूल्ये दोन. आदेशात लिहिलेली रक्कम हे नाममात्र मूल्य. त्या रकमेत बाजारातून जेवढे येते ते वास्तव मूल्य. किमती चढल्या की पहिले स्थिर राहते आणि दुसरे घटते. ही घट भरून काढण्यासाठी मूळ निवृत्तिवेतनावर टक्केवारीने दिली जाणारी रक्कम म्हणजे महागाई वाढ. ती उत्पन्नवृद्धी नव्हे. झीज भरून काढण्याची ती व्यवस्था आहे आणि तीही अपुरी.

वृद्धांच्या लाभांचे या दृष्टीने तीन प्रकार पडतात : (१) सूत्रबद्ध, (२) इच्छाधीन, (३) स्थिर. कळंब तालुक्यातील येरमाळ्यासारख्या गावात त्यांचे लाभार्थी एकाच बाजारात भेटतात : जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, राज्याच्या श्रावणबाळ योजनेचा ‘पगार’ उचलणारी शेतमजूर म्हातारी आणि एसटीचा निवृत्त चालक. तूरडाळीचा भाव मात्र तिघांना एकच.

पहिल्या प्रकाराचे सूत्र असे. औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांकाची (२००१ = १००) बारा महिन्यांची सरासरी घ्यावी; तीतून २६१.४२ वजा करून बाकीस २६१.४२ ने भागावे आणि शंभराने गुणावे. अपूर्णांक सोडला जातो. २०१६ पायाच्या नव्या मालिकेचा आकडा आधी २.८८ ने गुणून घेतात. फेरआकारणी १ जानेवारी व १ जुलै रोजी. अंशराशीकरण केलेल्या, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेतलेल्या, व्यक्तीलाही ही वाढ अंशराशीकरणापूर्वीच्या पूर्ण निवृत्तिवेतनावर मिळते. पुष्कळांना हे ठाऊक नसते.

या सूत्रात दोन उणिवा आहेत. एक, मापाची. नव्या मालिकेत अन्न व पेयांचा भार ३९.१७ टक्के, घराचा १६.८७ टक्के. हे प्रमाण औद्योगिक केंद्रांतील कामगार कुटुंबाचे; येरमाळ्याला जवळचे केंद्र सोलापूर. गावात स्वतःच्या घरात राहणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला भाडे नसते, पण रक्तदाबाच्या गोळ्या आणि बार्शीचा दवाखाना चुकत नाही. त्याचा खर्च या मापात नेमका बसत नाही.

दुसरी उणीव काळाची, आणि ती अधिक गंभीर. विलंबाचे तीन टप्पे असतात : सरासरी मागील वर्षाची, केंद्राची घोषणा देय तारखेनंतर, राज्याचा शासन निर्णय त्याहूनही उशिरा. नंतरच्या दोन टप्प्यांचा ‘फरक’ मिळतो, व्याज मिळत नाही. पहिल्याची भरपाई रचनेतच नाही. फरकही नेहमी मिळतोच असे नाही. जानेवारी २०२० ते जून २०२१ या काळातील तीन हप्ते केंद्राने गोठवले, राज्यानेही तेच केले. १ जुलै २०२१ पासून दर १७ वरून थेट २८ टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांचा फरक बुडाला. मूळ निवृत्तिवेतन २०,००० धरले तर पहिल्या सहामाहीत ४, दुसरीत ७ आणि तिसरीत ११ टक्के, म्हणजे ४,८०० + ८,४०० + १३,२०० = २६,४०० रुपये. सूत्र असणे आणि सूत्र पाळले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात त्या यामुळे.

दुसऱ्या प्रकारात सूत्रच नाही. श्रावणबाळ योजनेची रक्कम ६०० वरून २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाली. मधल्या वर्षांत ती गोठलेली असते. वाढ होते ती शासनाच्या मर्जीने, निर्देशांकाने नव्हे. याहून सूक्ष्म दोष पात्रतेचा. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये राहिली. मर्यादा अचल आणि मजुरीचे दर चढते, तर निव्वळ महागाईमुळे गरीब मनुष्य कागदोपत्री ‘सधन’ होऊन यादीबाहेर जातो. इथे महागाई लाभ नुसता झिजवत नाही, तो काढूनच घेते.

तिसऱ्या प्रकाराला विवेचन फारसे लागत नाही. एसटी व साखर कारखान्यांतील कामगारांना लागू असलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये महागाईशी जोडलेली वाढ नाही. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम १,००० रुपये ठरली आणि त्यानंतर दशक उलटले तरी ती तेवढीच राहिली.

संरक्षणाची व्याप्ती गरजेच्या व्यस्त प्रमाणात आहे, हा यातून निघणारा निष्कर्ष. सुधारणेचा क्रमही त्यावरूनच ठरतो : आधी श्रावणबाळची उत्पन्नमर्यादा व रक्कम निर्देशांकाशी जोडावी, मग १९९५ च्या योजनेचे किमान निवृत्तिवेतन, शिक्षकाच्या फरकाचा क्रम त्यानंतरचा.